छतावरचे सोलर: बिलाचा हिशेब आणि कोळशाचा हिशेब

मानेवाडा भागातील आमच्या एकमजली घराच्या गच्चीवर बसवलेल्या तीन किलोवॉटच्या सौर संचाचे हे परीक्षण आहे. संचात ५४० वॉटची सहा पॅनेल, पॅनेलची डीसी वीज घरात चालणाऱ्या एसी विजेत बदलणारा भिंतीवरचा एक इन्व्हर्टर, दोन संरक्षक पेट्या, अर्थिंग, आकाशातली वीज जमिनीत उतरवणारा लाइटनिंग अरेस्टर आणि दिलेली व घेतलेली वीज मोजणारे महावितरणचे नेट मीटर एवढे साहित्य येते. नागपूरचे तिन्ही ऋतू या संचाने पाहिले असल्याने आता त्याविषयी ठामपणे लिहिता येते. निष्कर्ष आधीच सांगतो. संच उत्तम आहे आणि ज्याच्याकडे स्वतःची गच्ची आहे त्याने तो घ्यावा. बसवून देणाऱ्याची सेवा मात्र मध्यम होती. ‘बिल शून्य’ या एकाच मुद्द्यावर हा संच विकला जातो, पण तेवढ्यावर त्याची पारख करणे अपुरे आहे. या संचामुळे नागपूरजवळच्या कोराडी-खापरखेडा औष्णिक वीजकेंद्रांच्या भट्ट्यांत किती कोळसा जळायचा वाचला, हा प्रश्न माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे आणि त्याचे उत्तर बिलावरच्या आकड्याहून वेगळे निघते.

आधी खर्चाचे. अनुदानापूर्वी संचाची किंमत दोन लाखांच्या आसपास गेली. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटसाठी प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्यासाठी १८,००० रुपये असे एकूण ७८,००० रुपयांचे केंद्रीय अनुदान मिळते. तीन किलोवॉटच्या वर संच घेतला तरी ही रक्कम वाढत नाही. अनुदानासाठी पॅनेल आणि त्यातील सेल दोन्ही देशात बनलेले असावे लागतात, त्यामुळे दुकानात दिसणारे स्वस्त आयात पॅनेल या योजनेत चालत नाही. पैसे आमच्या खात्यात व्यवस्थित जमा झाले. महिन्याच्या शंभर युनिटांपुढे विजेचा दर झपाट्याने चढतो, त्यामुळे आमच्यासारख्या वापरात मूळ खर्च चार-पाच वर्षांत भरून निघतो. याविषयी भरपूर लिहिले गेले आहे, म्हणून मी इथेच थांबतो.

बसवणाऱ्या ठेकेदाराविषयी दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. त्याच्या माणसांनी वायरिंग नीटनेटके केले, पाइपांना उतार दिला, डीसी बाजू, एसी बाजू आणि लाइटनिंग अरेस्टर यांचे अर्थिंग वेगवेगळ्या खड्ड्यांत केले. कामगार कुशल होते आणि त्यांनी प्रश्नांना नीट उत्तरे दिली. पण पाहणीला आलेल्या पर्यवेक्षकाची पहिलीच सूचना अंगणातला कडुनिंब अर्ध्यावर छाटण्याची होती, कारण हिवाळ्यात दुपारी तीननंतर त्याची सावली गच्चीच्या नैऋत्य कोपऱ्यावर येते. सावली हा सौर पॅनेलचा शत्रू आहे हे खरेच. एका पॅनेलच्या कोपऱ्यावर पडलेली सावलीसुद्धा त्याच तारेत जोडलेल्या इतर पॅनेलांचे उत्पादन खाली ओढू शकते. तरीही पश्चिमेच्या भिंतीवर दुपारभर सावली धरणारे झाड तोडायचे आणि मग तापलेली तीच भिंत थंड करण्यासाठी एसी चालवायचा, हा व्यवहार मला कोणत्याही हिशेबात बसेना. आम्ही नकार दिला. शेवटी पॅनेलांची रांग ईशान्येकडे सरकवली, केबल थोडी जास्त लागली आणि काम झाले. नागपुरात सध्या जिथे तिथे सोलर बसत आहे आणि त्यासाठी झाडांवर कुऱ्हाड चालताना दिसते, म्हणून हे मुद्दाम लिहितो. आराखडा बदलून बहुतेक वेळा मार्ग निघतो. तो शोधण्याचा आग्रह ग्राहकाने धरावा.

स्ट्रक्चर आम्ही उंच घेतले. त्याला खर्च अधिक येतो, पण त्याचे दोन फायदे झाले. गच्ची वापरात राहिली; चैत्र-वैशाखात कुरडया, शेवया, पापडांचे वाळवण पॅनेलांच्या बाजूच्या मोकळ्या जागेत पूर्वीसारखेच पडते. दुसरा फायदा मला अधिक मोलाचा वाटतो. उन्हाळ्यात आमचा स्लॅब दिवसभर ऊन शोषून घेत असे आणि रात्री दहा-अकरापर्यंत ती उष्णता खालच्या खोलीत सोडत असे. आता पॅनेलांच्या सावलीत असलेल्या भागाखालची खोली आणि उघड्या स्लॅबखालची खोली यांतला फरक रात्री जेवणानंतर छताला हात लावला तरी कळतो. पॅनेल आणि स्लॅब यांच्यामधून वारा खेळता राहतो, त्याचाही हा परिणाम आहे. उरलेल्या उघड्या भागावर आम्ही पांढरा परावर्तक रंग दिला आहे.

आता उत्पादनाकडे वळू. नागपूरच्या उन्हाविषयी कुणाला सांगायला नको, आणि म्हणून इथे बहुतेकांची अपेक्षा असते की मे महिन्यात, नवतपात म्हणजे मेअखेरच्या नऊ तप्त दिवसांत, सोलर सर्वाधिक वीज देईल. तसे होत नाही. पॅनेल प्रकाशावर चालते, उष्णतेवर नव्हे, आणि उष्णता त्याला मानवत नाही. पॅनेलवर छापलेली ५४० वॉटची क्षमता सेलचे तापमान २५ अंश असताना मोजलेली असते. त्यापुढे प्रत्येक अंशामागे क्षमता साधारण ०.३ ते ०.३५ टक्क्यांनी घटते. मे महिन्याच्या दुपारी हवा ४५ अंशांवर असते तेव्हा पॅनेलचा सेल ६५ ते ७० अंशांपर्यंत सहज तापतो. म्हणजे भर दुपारी, जेव्हा प्रकाश सर्वाधिक असतो, तेव्हाच तेरा-चौदा टक्के वीज उष्णतेपायी जाते. शिवाय नागपूर २१ अंश अक्षांशावर असल्याने मेच्या अखेरीस सूर्य थेट डोक्यावरून जातो आणि जूनमध्ये तर दुपारी किंचित उत्तरेला असतो, तर पॅनेल दक्षिणेकडे कललेले असते. या सगळ्यामुळे आमच्या संचाचे सर्वोत्तम दिवस होळीच्या मागेपुढे येतात; आकाश स्वच्छ, ऊन प्रखर आणि हवा अजून तापलेली नसते. त्या दिवसांत रोजचा आकडा पंधरा युनिटांच्या जवळ जातो. मे महिन्यात तो तेरा-चौदावर राहतो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये झड लागली की तीन-चार युनिटांवरही येतो. वर्षाचा हिशेब चार हजार युनिटांच्या थोडा पुढे जातो. हे ठेकेदाराने आधी सांगितलेल्या अंदाजाच्या जवळ आहे, आणि याबाबतीत त्याने फुगवून सांगितले नाही हे नोंदवायला हवे.

धुळीचा प्रश्न नागपुरात गंभीर आहे. मार्च ते जून या काळात पॅनेलवर करडा थर साचतो आणि तो पुसला नाही तर उत्पादनात घट स्पष्ट दिसते. सकाळी ऊन चढण्यापूर्वी, पॅनेल थंड असताना, मऊ कापडाच्या लांब दांड्याच्या पोछ्याने पुसावे. तापलेल्या काचेवर थंड पाणी ओतू नये. बोअरचे पाणी जड असेल तर ते वाळल्यावर पांढरे डाग राहतात आणि ते धुळीपेक्षा चिवट असतात; आम्ही त्यासाठी पावसाचे साठवलेले किंवा नळाचे पाणी वापरतो.

एक गोष्ट विक्रीच्या वेळी आम्हाला सांगितली गेली नाही आणि ती सांगायला हवी होती. ग्रिडला, म्हणजे विजेच्या सार्वजनिक जाळ्याला, जोडलेला साधा संच वीज गेली की बंद पडतो. बाहेर रणरणते ऊन असते, पॅनेल सज्ज असतात, पण घरातला पंखा थांबतो. हा संचाचा दोष नाही. खांबावर दुरुस्तीसाठी चढलेल्या वायरमनच्या अंगावर आमच्या गच्चीवरून वीज येऊ नये म्हणून इन्व्हर्टरने स्वतःला तोडून घेणे हे सुरक्षेचे आवश्यक बंधन आहे. वीज जात असतानाही घर चालावे अशी अपेक्षा असेल तर बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर घ्यावा लागतो आणि त्याचा खर्च वेगळा. ग्राहकाला हे बयाणा देण्यापूर्वी कळले पाहिजे.

इन्व्हर्टरसोबत येणारे अ‍ॅप रोजची युनिटे नीट दाखवते. त्यात किती कार्बन वाचला आणि किती झाडे लावल्यासारखे झाले असाही एक आकडा येतो, पण तो कसा काढला हे कुठेही दिलेले नाही. म्हणून तो बाजूला ठेवून मी स्वतः हिशेब मांडला. भारताच्या ग्रिडमधील सरासरी एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, असे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे आकडे सांगतात. ही सरासरी जलविद्युत, पवन, सौर आणि अणुऊर्जा सगळे धरून आहे. केवळ कोळशाच्या संचाचा आकडा याहून जास्त, एका किलोच्या आसपास आहे. सरासरी धरली तरी आमच्या चार हजारांवर युनिटांमागे वर्षाला सुमारे तीन टन कार्बन डायऑक्साइड टळतो. भारतात दर माणशी वर्षाचे उत्सर्जन सुमारे दोन टन आहे, हे लक्षात घेतले तर एका साध्या गच्चीवरून होणारे हे काम लहान नाही. कोळशात सांगायचे तर एका युनिटला साडेसहाशे-सातशे ग्रॅम कोळसा लागतो, म्हणजे वर्षाला अडीच टनांहून अधिक कोळसा.

पॅनेल बनवायलाही वीज लागते, तीही कोळशाचीच असते, मग फायदा काय, असा प्रश्न ओळखीतल्या अनेकांनी विचारला. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर मोजलेले आहे. खाणीपासून भंगारापर्यंत संपूर्ण आयुष्याचा हिशेब धरून आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक समितीच्या २०१४ च्या अहवालात छतावरील सौर विजेसाठी मध्यम आकडा युनिटमागे ४१ ग्रॅम आणि कोळशासाठी ८२० ग्रॅम दिला आहे. म्हणजे पॅनेल घडवताना झालेले उत्सर्जन आमच्या गच्चीवर साधारण दीड-दोन वर्षांत फिटते आणि पुढची वीस-बावीस वर्षे शुद्ध बचत असते.

पण टनाची बचत महत्त्वाची का, हे समजल्याशिवाय या आकड्याला अर्थ नाही. सूर्याचा दृश्य प्रकाश हवेतून जवळपास बिनअडथळा खाली येतो. त्याच प्रकाशातून पॅनेल वीज काढते. तापलेली जमीन मात्र ती ऊर्जा अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णतेच्या, किरणांच्या रूपात परत सोडते, आणि कार्बन डायऑक्साइडचा रेणू नेमका पंधरा मायक्रोमीटरच्या आसपासची अवरक्त किरणे शोषतो. हे कालपरवाचे ज्ञान नाही. युनिस फूट या अमेरिकी संशोधिकेने १८५६ मध्ये काचेच्या नळकांड्या उन्हात ठेवून कार्बन डायऑक्साइड भरलेली नळी अधिक तापते हे दाखवले. जॉन टिंडल यांनी १८५९ मध्ये वायूंचे अवरक्त शोषण प्रयोगशाळेत मोजले. स्वांटे अऱ्हेनियस यांनी १८९६ मध्ये हवेतील या वायूचे प्रमाण बदलले तर पृथ्वीचे तापमान किती बदलेल याचा हिशेब हाताने मांडला. पुढे १९५८ पासून चार्ल्स कीलिंग यांनी हवाईतील मौना लोआ येथे रोजचे मोजमाप सुरू केले. तेव्हा हवेच्या दर दहा लाख भागांत ३१५ च्या आसपास भाग कार्बन डायऑक्साइड होता. आज तो ४२० च्या पुढे गेला आहे. औद्योगिक क्रांतीपूर्वी तो २८० होता, आणि अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांवरून मागच्या आठ लाख वर्षांत तो ३०० च्या वर टिकल्याचे दिसत नाही.

हा जादा कार्बन आपल्याच धुराचा आहे हे कसे कळते? कोट्यवधी वर्षे जमिनीखाली राहिलेल्या कोळशात कार्बन-१४ हा किरणोत्सारी प्रकार उरलेला नसतो आणि कार्बन-१३ चे प्रमाणही कमी असते. हवेतील कार्बनमध्ये याच खुणा वाढत गेल्या आहेत. जोडीला हवेतील ऑक्सिजन ज्वलनाच्या हिशेबाने किंचित घटतो आहे. ज्वालामुखी किंवा समुद्र यांच्यावर दोष टाकायला या पुराव्यांनी जागा ठेवलेली नाही.

नागपुरात या विषयावर बोलताना ‘नागपूर तर आधीपासूनच तापते’ हे वाक्य हमखास ऐकू येते. ते खरे आहे. सोनेगावच्या वेधशाळेने २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंशांची नोंद केली होती, आणि मे महिन्यातली पंचेचाळीस अंशांची दुपार इथल्या माणसाला नवी नाही. प्रश्न एका दिवसाच्या विक्रमाचा नसून ज्या पातळीवरून पारा चढतो ती पातळी वर सरकण्याचा आहे. भूविज्ञान मंत्रालयाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशांनी वाढले. जागतिक हवामान संघटनेच्या नोंदीप्रमाणे २०२४ हे वर्ष औद्योगिक काळापूर्वीच्या तुलनेत सुमारे १.५५ अंशांनी उष्ण ठरले. २०२४ च्याच मेअखेर नागपुरातील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंशांची नोंद दाखवली होती आणि ती देशभर पसरली. हवामान खात्याने तपासून यंत्रातील बिघाड असल्याचे जाहीर केले. मला ही घटना विज्ञानावरचा विश्वास वाढवणारी वाटते. फुगलेला आकडा सोयीचा असूनही तो टाकून दिला जातो, म्हणूनच जे आकडे तपासणीतून टिकतात त्यांच्यावर निर्णय घेता येतात.

दुसरे वाक्य सिमेंटच्या रस्त्यांविषयीचे असते. शहरात सिमेंट रस्ते झाले, झाडे गेली, म्हणून उकाडा वाढला. हेही खरे आहे, पण ते शहरापुरते खरे आहे. सिमेंट दिवसा उष्णता साठवते आणि रात्री सोडते. रात्री शहर आणि उमरेड रोडवरची शेते यांच्यातला फरक दुचाकीवरून जातानाही जाणवतो. मात्र हवामानबदलातून साठलेल्या जादा उष्णतेचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग समुद्रात गेला आहे, आणि समुद्रावर सिमेंटचा रस्ता नाही. सूर्यच अधिक तापला असेल ही शंकाही तपासली गेली आहे. उपग्रह १९७८ पासून सूर्याची ऊर्जा मोजत आहेत आणि तीत चढता कल नाही. सूर्य कारण असता तर वातावरणाचा वरचा थरही तापला असता. प्रत्यक्षात जमिनीलगतची हवा तापते आहे आणि वरचा स्थितांबराचा थर थंड होतो आहे. उष्णता खाली अडकल्याची ही खूण आहे. शहराचा उकाडा झाडे, सावली आणि पांढऱ्या गच्च्यांनी कमी होईल आणि ते करायलाच हवे; जगाचा उकाडा कोळसा, तेल आणि वायू जाळणे थांबवल्याशिवाय थांबणार नाही.

तापमानाबरोबर पाऊसही बदलतो. हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के अधिक बाष्प मावते, म्हणून पाऊस पडतो तेव्हा थोड्या वेळात अधिक पडण्याची शक्यता वाढते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. त्या एका रात्रीचे सगळे ओझे हवामानबदलावर टाकणे योग्य नाही. नाल्यांवरची बांधकामे आणि अडवलेले प्रवाह हीही कारणे होती. पण अशा पावसासाठी शहराची तयारी आधीपेक्षा जास्त हवी, हे मात्र नक्की.

आता संचाच्या त्या उणिवेकडे येतो, जी बिलावर कधीच दिसत नाही. नेट मीटरमध्ये दुपारी आमची जादा वीज ग्रिडमध्ये जाते आणि रात्री आम्ही ग्रिडची वीज घेतो. महिन्याअखेर जमा आणि खर्च यांची वजाबाकी होऊन बिल जवळपास शून्य येते. यात वीज कुठेही साठवली जात नाही, केवळ तिची नोंद ठेवली जाते. दुपारी आम्ही दिलेले युनिट शेजारच्या घरात तेव्हाच वापरले जाते आणि रात्री नऊ वाजता आमच्या खोलीत एसी चालू होतो तेव्हा येणारे युनिट मुख्यतः कोळशाचे असते. सूर्य मावळल्यावरच्या मागणीचा भार महाराष्ट्रात औष्णिक केंद्रांवरच येतो, आणि त्यांतली दोन मोठी केंद्रे आपल्या उशाशी आहेत: कोराडीत ६६० मेगावॉटचे तीन संच आणि खापरखेड्यात १,३४० मेगावॉट. त्यांची राख आणि धूर यांची झळ आधी कोराडी, नांदगाव, वारेगाव या गावांना बसते. बिल शून्य झाले म्हणजे आपला कोळसा शून्य झाला, अशी समजूत करून घेऊन अनेक घरांत सोलर लागल्यावर एसीचा वापर बिनधास्त वाढतो. असा वाढीव वापर रात्रीचा असेल तर संचामुळे झालेल्या बचतीचा मोठा भाग तिथेच संपतो.

म्हणून आम्ही वापराच्या वेळा बदलल्या. पाण्याची मोटार, वॉशिंग मशीन, इस्त्री, मिक्सर आणि इलेक्ट्रिक स्कूटरचे चार्जिंग ही सगळी कामे आता सकाळी दहा ते दुपारी तीन या वेळात होतात. घरात यावरून थोडी कुरकुर झाली, पण सवय लागली. रात्रीसाठी मे महिन्यात आम्ही कूलरकडे परतलो. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात ताट्यांचा कूलर अत्यंत परिणामकारक असतो आणि त्याला दीडशे-दोनशे वॉट पुरतात, तर दीड टनाचा एसी हजार वॉटच्या वर घेतो. त्याला पाणी लागते, ही त्याची किंमत. मृगाच्या सरी आल्या, हवेत ओल वाढली, की कूलरचा उपयोग संपतो; दमट हवेत पाण्याचे बाष्पीभवन मंदावते, आणि त्याच कारणाने अंगावरचा घामही वाळत नाही. उष्णता आणि ओल एकत्र वाढली तर शरीराला स्वतःला थंड करण्याचा मार्गच उरत नाही, म्हणून केवळ पाऱ्याचा आकडा पाहून उन्हाळ्याचा धोका ठरवू नये. त्या मधल्या आठवड्यांत आम्ही एसी २६ अंशांवर ठेवतो आणि जोडीला पंखा चालवतो.

देशाच्या पातळीवरही बिल आणि कोळसा यांच्यातला हाच फरक दिसतो. २०२५ मध्ये भारताच्या स्थापित वीजक्षमतेचा निम्मा भाग कोळसा-वायूविरहित झाला. २०३० साठी ठेवलेले लक्ष्य पाच वर्षे आधी गाठले गेले आणि ही अभिमानाची गोष्ट आहे. पण प्रत्यक्ष निर्माण होणाऱ्या विजेचा सुमारे सत्तर टक्के किंवा त्याहून अधिक भाग अजून कोळशातूनच येतो, कारण यातली सौर क्षमता दिवसाच चालते आणि गरज रात्रीही असते. अशा वेळी कोराडीत ६६० मेगावॉटचे आणखी दोन संच प्रस्तावित आहेत. हे १,३२० मेगावॉट सत्तर टक्के भाराने चालले तर वर्षाला सुमारे ८०० कोटी युनिट वीज आणि त्यामागे सुमारे ७० लाख टन कार्बन डायऑक्साइड, असा माझा हिशेब आहे. आमच्या संचाच्या तीन टनांनी भागले तर तेवढे उत्सर्जन भरून काढायला २३ लाखांहून अधिक गच्च्या लागतील. २०११ च्या जनगणनेत नागपूर शहराची लोकसंख्याच सुमारे २४ लाख होती. तापमानवाढ ही आजवरच्या एकूण उत्सर्जनाच्या प्रमाणात होते, आयपीसीसीच्या अंदाजाने दर एक हजार अब्ज टनांमागे सुमारे ०.४५ अंश, आणि एकदा हवेत गेलेल्या कार्बनचा काही भाग शेकडो-हजारो वर्षे तिथेच राहतो. आज बांधलेले औष्णिक केंद्र पुढची तीस-चाळीस वर्षे चालते, म्हणून ते बांधायचे की त्याच पैशात रात्रीसाठी साठवण उभारायची, हा निर्णय आजचा आहे. गच्चीवर सोलर बसवणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न आपल्या नगरसेवकाला आणि आमदाराला विचारावा, असे मला मनापासून वाटते.

घरगुती बॅटरी आम्ही अजून घेतलेली नाही. लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची पाच युनिटांची बॅटरी संध्याकाळचे दिवे, पंखे, कूलर आणि फ्रिज सहज चालवेल, पण तिची किंमत संचाच्या खर्चात मोठी भर घालते आणि जुना इन्व्हर्टरही बदलावा लागतो. नव्याने संच घेणाऱ्याने सुरुवातीलाच हायब्रिड इन्व्हर्टर घेऊन ठेवावा, बॅटरी नंतर जोडता येते. अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांना सामायिक गच्चीवर संस्थेच्या नावाने संच बसवून निदान लिफ्ट, पंप आणि जिन्यातील दिवे त्यावर चालवता येतात. आमच्या परिसरातील एका संस्थेने तसे केले आहे आणि तो निर्णय एका बैठकीत झाला.

ठेकेदाराविषयी शेवटचे सांगायचे तर योजनेनुसार पाच वर्षांची देखभाल त्याच्यावर बंधनकारक आहे. एकदा वाय-फायचा डोंगल बिघडला तेव्हा माणूस आला, पण बऱ्याच पाठपुराव्यानंतर आला. त्यामुळे काम देण्यापूर्वी देखभालीच्या अटी, तक्रारीला प्रतिसाद देण्याची मुदत, पॅनेलच्या पंचवीस वर्षांच्या हमीचा कागद, पॅनेलांचे अनुक्रमांक आणि वर्षाच्या प्रत्येक महिन्याच्या अपेक्षित उत्पादनाचा तक्ता लेखी घ्यावा. या अटी लेखी मान्य केल्या आणि झाडाला हात लावणार नाही असे कबूल केले, तर पुढच्या कामासाठी मी याच ठेकेदाराला पुन्हा बोलावेन.